शेजारी राष्ट्रांचा समेट आणि इतिहासकार

दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) पोलंडचे सुमारे ६० लक्ष नागरिक मरण पावले. त्यांत निम्मे ज्यू होते. युद्धानंतर पोलंडची सरहद्द पश्चिमेकडे सरकली आणि लक्षावधी जर्मनांना पिढीजात घरे सोडावी लागली. अशा दोन शेजाऱ्यांच्या मुलांनी शाळेत एकमेकांविषयी काय शिकावे?

१८ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसरी व्हॅटिकन परिषद समाप्तीस आली असता, पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांस पत्र पाठवून क्षमा केली आणि स्वतःही क्षमा मागितली. मसुदा आर्चबिशप बोलेस्वाव कोमिनेक यांचा होता. स्वाक्षरी करणाऱ्यांत क्राकोवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा, म्हणजेच पुढील पोप जॉन पॉल दुसरे, हेही होते. साम्यवादी सरकार संतापले. या पत्राचा बराचसा भाग हजार वर्षांच्या इतिहासानेच व्यापला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

तोच इतिहास पुढे विद्वानांनी हाती घेतला. गेओर्ग एकर्ट यांनी १९५१ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे पाठ्यपुस्तकांच्या सुधारणेसाठी संस्था स्थापन केली होती. डिसेंबर १९७० च्या वॉर्सा करारानंतर, १९७२ मध्ये, युनेस्कोच्या आश्रयाखाली जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोग बसला. १९७६ साली त्याने इतिहासाविषयी २६ शिफारशी मांडल्या. त्या कुणावर बंधनकारक नव्हत्या. जर्मनीत शिक्षण हा घटक राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्यात त्यांवर वाद झाला.

वाद व्हावा असे त्यांत होतेही. जर्मनांच्या हकालपट्टीसाठी ‘हकालपट्टी’ हा शब्द टाळून लोकसंख्येच्या स्थलांतराची भाषा वापरली गेली. हिटलर-स्टालिन यांचा १९३९ चा गुप्त करार आणि १९४० चे कातिन हत्याकांड यांविषयी मौन पाळले गेले, कारण पोलिश विद्वानांच्या डोक्यावर सेन्सॉरची तलवार होती. आमच्या मते ही उणीव मोठी होती. मात्र सर्व सत्य बोलता येईपर्यंत थांबावयाचे ठरले असते, तर आणखी तेरा वर्षे कुणी कुणासमोर बसलेच नसते.

१९८९ नंतर पोलंडमध्ये बंधने सुटली आणि टाळलेले विषय चर्चेस आले. तोवर हे इतिहासकार परस्परांस ओळखत होते. २०१६ पासून ‘युरोप : आपला इतिहास’ हे दोन्ही देशांसाठीचे संयुक्त पाठ्यपुस्तक चार खंडांत निघाले. विसाव्या शतकाचा खंड सर्वांत शेवटी, २०२० मध्ये आला.