पडक्या मनोऱ्याची घंटा



इंदूरच्या जुन्या वस्तीत वाडा पाडला की सागवानी खांब, चौकटी, कोरीव दारे विकली जातात आणि कुणाच्या तरी नव्या घरात उभी राहतात. आमच्या प्रार्थनागृहाची दुरुस्ती झाली तेव्हा मात्र आम्ही जुने बाक भंगारात दिले. आमच्या आज्यांनी तिथे गुडघे टेकले होते. ती चुटपुट अजून जात नाही, म्हणून आज जुन्या गोव्याची गोष्ट सांगत आहोत.

साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडत गेले. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. तिथल्या नव्या इमारतींसाठी जुन्या शहरातला चिरा वाहून नेला गेला. 1835 मध्ये धर्मसंघ बंद झाले. अगस्तीनियन संघाचे कृपामातेचे चर्च बेवारस झाले आणि 1842 मध्ये त्याचे छत कोसळले. आज तिथे मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वाद किल्ल्यावर गेली आणि 1871 मध्ये पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये आली. आजही ती भाविकांना मिस्साला बोलावते.

दुसरी वस्तू मनाला बोचणारी आहे. पणजीच्या फोंताइन्हास भागात, संत सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये एक मोठा क्रूस आहे. त्यावरील प्रभूचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. देवाच्या नावाने तिथे माणसांचा छळ झाला. 1812 मध्ये ते न्यायालय कायमचे बंद झाले, क्रूस पणजीच्या राजवाड्यात गेला आणि 1918 मध्ये या चॅपेलमध्ये आला. आता त्याच्यासमोर आरोपी उभे राहत नाहीत, शेजारपाजारची माणसे प्रार्थनेला बसतात.

जुनी वस्तू नव्या जागी नेली म्हणून तिचा इतिहास पुसला जात नाही. आपण तो लपवूही नये. प्रभू मात्र पडक्या भिंतीतूनही कामाचे ते निवडून घेतो. बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचे स्तोत्र त्याने स्वतःलाच लावले, आणि पेत्राने आपल्याला जिवंत धोंडे म्हटले. आपल्यातही मोडलेले, डागाळलेले पुष्कळ आहे. ते त्याच्या हाती देऊ या.

आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारू या.

आमेन.