दक्षिण आशियाई देशांची राष्ट्रगीते

दक्षिण आशियाई देशांची राष्ट्रगीते म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव आणि अफगाणिस्तान या सार्कच्या आठ सदस्य देशांनी अधिकृतपणे स्वीकारलेली गीते होत. या गीतांमध्ये निकटचे नातेसंबंध आढळतात. भारत आणि बांगलादेश यांची गीते एकाच कवीची आहेत, श्रीलंकेच्या गीताचा कर्ता त्याच कवीच्या संस्थेत शिकलेला होता आणि मालदीवच्या गीताची चाल श्रीलंकेच्या संगीतकाराने बांधली. मात्र गीत कोणत्या भाषेत असावे, त्यात कोणाचा नामोल्लेख असावा आणि वंदन राजाला करावे की भूमीला, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक देशाने वेगवेगळी दिली. या उत्तरांवरून त्या देशांत वेळोवेळी वाद झाले असून काही ठिकाणी गीताचे शब्द, तर काही ठिकाणी संपूर्ण गीतच बदलण्यात आले.

## पार्श्वभूमी

ब्रिटिश अमलाखालील भारतात आणि सिलोनमध्ये अधिकृत समारंभांत ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवले जाई. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी स्वतःचे गीत ठरवणे हे नव्या राष्ट्रांपुढील एक काम होते. नेपाळ आणि भूतान येथे परकीय सत्ता प्रस्थापित झाली नव्हती. तेथील आरंभीची गीते राजाच्या गौरवार्थ रचली गेली होती. बांगलादेशाचे गीत १९७१ च्या मुक्तिसंग्रामातून, तर अफगाणिस्तानचे २००६ मधील गीत २००४ च्या राज्यघटनेतील तरतुदीतून पुढे आले.

## तुलनात्मक तक्ता

| देश | राष्ट्रगीत | भाषा | गीतकार | संगीतकार | स्वीकृती |
|---|---|---|---|---|---|
| भारत | जन गण मन | संस्कृतप्रचुर बंगाली | रवींद्रनाथ टागोर | रवींद्रनाथ टागोर | १९५० |
| पाकिस्तान | कौमी तराना | फारसीप्रचुर उर्दू | हफीज जालंधरी | अहमद गुलामअली छागला | १९५४ |
| बांगलादेश | आमार शोनार बांग्ला | बंगाली | रवींद्रनाथ टागोर | टागोर (बाउल चालीवर) | १९७२ |
| श्रीलंका | श्रीलंका माता | सिंहली, तमिळ | आनंद समरकोन | आनंद समरकोन | १९५१ |
| नेपाळ | सयौं थुंगा फूलका | नेपाळी | व्याकुल माइला | अंबर गुरुंग | २००७ |
| भूतान | द्रुक त्सेंधेन | झोंगखा | ग्यालदुन थिनले दोर्जी | आकू तोंगमी | १९५३ |
| मालदीव | कौमी सलाम | दिवेही | मोहम्मद जमील दीदी | अमरदेव | १९७२ (सध्याची चाल) |
| अफगाणिस्तान | मिल्ली सुरूद | पश्तू | अब्दुल बारी जहानी | बबरक वासा | २००६ |

## टागोर आणि तीन देश

भारताचे राष्ट्रगीत हे टागोरांच्या पाच कडव्यांच्या गीताचे पहिले कडवे आहे. हे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कोलकाता अधिवेशनात प्रथम गायले गेले. त्याच महिन्यात पंचम जॉर्ज यांचा दिल्ली दरबार भरला होता आणि अधिवेशनात राजाच्या स्वागतपर एक हिंदी गीतही गायले गेले होते. वृत्तपत्रांच्या वार्तांकनात या दोन गीतांची सरमिसळ झाली आणि टागोरांचे गीत राजाच्या स्तुतीसाठी होते असा समज पसरला. टागोरांनी १९३७ मधील एका पत्रात हा समज स्पष्टपणे नाकारला. गीतातील भाग्यविधाता हा युगानुयुगे मानवजातीचे सारथ्य करणारा ईश्वर असून तो कोणताही जॉर्ज असू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

बांगलादेशाचे गीत टागोरांनी १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीच्या काळात रचले. त्याची चाल गगन हरकरा या बाउल गायकाच्या गीतावर आधारित आहे. अखंड बंगालसाठी लिहिलेले हे गीत पुढे बंगालच्या एका भागातून निर्माण झालेल्या देशाचे राष्ट्रगीत झाले. पाकिस्तानच्या काळात पूर्व बंगालमध्ये टागोरांचे साहित्य हा राजकीय वादाचा विषय बनला होता. १९६७ मध्ये सरकारी आकाशवाणीवरील रवींद्रसंगीतावर निर्बंध घालण्याची भूमिका घेतली गेली, तेव्हा ढाक्यातील लेखक व कलावंतांनी तिचा निषेध केला. त्यामुळे हे गीत गाणे ही सांस्कृतिक प्रतिकाराची कृती ठरली. जहीर रायहान यांच्या १९७० मधील ‘जीवन थेके नेया’ या चित्रपटात ते वापरले गेले. १९७२ च्या राज्यघटनेने त्याच्या पहिल्या दहा ओळींना राष्ट्रगीताचा दर्जा दिला.

श्रीलंकेच्या गीताचे कर्ते आनंद समरकोन यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले होते. त्यांनी १९४० मध्ये रचलेले हे गीत गॉल येथील महिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्रथम गायले. त्याच्या निर्मितीत टागोरांचा प्रत्यक्ष सहभाग किती होता याबाबत मतभेद आहेत. तथापि समरकोन यांच्या संगीतावर शांतिनिकेतनाचा प्रभाव होता, हे सर्वमान्य आहे.

## चाल आणि राजशिष्टाचार

परदेशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी आणि आंतरराष्ट्रीय समारंभांसाठी वाद्यवृंदावर वाजवता येईल अशी धून आवश्यक असते. या प्रदेशातील अनेक राष्ट्रगीतांच्या निवडीवर या गरजेचा परिणाम झाला.

भारताच्या बाबतीत, १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताच्या धुनेची मागणी झाली आणि तेथे ‘जन गण मन’ची धून वाजवली गेली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी १९४८ मध्ये संविधान सभेत या प्रसंगाचा उल्लेख केला होता. दुसरीकडे, ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजवता येत नाही या आक्षेपाला उत्तर म्हणून मराठी गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी त्या गीताची चाल बांधून दिल्लीत तिचे प्रात्यक्षिक सादर केले. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला.

पाकिस्तानात शब्दांच्या आधी चाल ठरली. छागला यांची धून १९४९ मध्ये निवडली गेली आणि १ मार्च १९५० रोजी इराणच्या शहांच्या भेटीच्या वेळी ती शब्दांविना वाजवण्यात आली. त्या धुनेवर शब्द बसवण्यासाठी आलेल्या शेकडो रचनांमधून हफीज जालंधरी यांची रचना निवडली गेली. तिचे पहिले प्रसारण १३ ऑगस्ट १९५४ रोजी झाले. छागला यांचे १९५३ मध्येच निधन झाले होते. त्यामुळे आपल्या चालीवरील अधिकृत राष्ट्रगीत त्यांना ऐकता आले नाही.

मालदीवचे शब्द १९४८ मध्ये लिहिले गेले व आरंभी ते ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताच्या चालीवर म्हटले जात. १९७२ मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या भेटीपूर्वी श्रीलंकेचे संगीतकार अमरदेव यांच्याकडून स्वतंत्र चाल करून घेण्यात आली.

## राजस्तुतीकडून लोकस्तुतीकडे

नेपाळचे पूर्वीचे गीत ‘श्रीमान गंभीर’ हे राजाचे गौरवगान होते. २००६ च्या जनआंदोलनानंतर ते रद्द करण्यात आले व नव्या गीतासाठी रचना मागवण्यात आल्या. आलेल्या १,२७२ रचनांमधून व्याकुल माइला या टोपणनावाने लिहिणारे कवी प्रदीपकुमार राई यांची रचना निवडली गेली. ३ ऑगस्ट २००७ रोजी ती राष्ट्रगीत म्हणून घोषित झाली. राजेशाही औपचारिकरीत्या २८ मे २००८ रोजी संपुष्टात आली, म्हणजेच राजा राष्ट्रगीतातून आधी गेला आणि राज्यातून नंतर. नव्या गीतात देशाची उपमा शेकडो फुलांच्या एका माळेला दिलेली असून बहुजातीयता, बहुभाषिकता आणि बहुधार्मिकता यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

भूतानच्या गीतात मात्र द्रुक ग्याल्पो म्हणजेच राजाचा गौरव आणि बौद्ध धर्माच्या उत्कर्षाची प्रार्थना कायम आहे. मूळ बारा ओळींचे हे गीत १९६४ मध्ये सहा ओळींचे करण्यात आले. २००८ च्या राज्यघटनेने संसदीय लोकशाही आणली, तरी गीताचा आशय बदलला नाही.

## भाषेचा प्रश्न

पाकिस्तानच्या गीताची शब्दकळा इतकी फारसीप्रचुर आहे की फारसी जाणणाऱ्यालाही त्याचा अर्थ जवळजवळ पूर्णपणे लागतो. ‘का’ हा षष्ठीचा प्रत्ययच काय तो त्यातील निखळ उर्दू अंश मानला जातो. हे गीत स्वीकारले गेले तेव्हा देशातील बहुसंख्य लोक पूर्व पाकिस्तानात राहत होते आणि त्यांची भाषा बंगाली होती. ढाक्यातील भाषा आंदोलनात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी झालेल्या गोळीबाराला त्या वेळी जेमतेम अडीच वर्षे झाली होती. बांगलादेशाच्या गीतात याउलट आमराई, भातशेते, वड आणि नदीकाठ यांचे चित्रण बोलीला जवळच्या बंगालीत आले आहे.

श्रीलंकेत एकाच चालीवर व एकाच आशयाचे सिंहली आणि तमिळ असे दोन पाठ आहेत. तमिळ अनुवाद पंडित एम. नल्लतंबी यांचा आहे. सरकारी समारंभांत तमिळ पाठ गावा की नाही, हा तेथील वांशिक संघर्षाशी निगडित वाद आहे. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी स्वातंत्र्यदिनाच्या मुख्य सोहळ्यात अनेक दशकांनंतर तमिळ पाठ गायला गेला. २०२० च्या सोहळ्यात मात्र केवळ सिंहली पाठ गायला गेला.

याच गीताच्या आरंभीच्या शब्दांवरूनही पूर्वी वाद झाला होता. पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांचा १९५२ मध्ये घोड्यावरून पडल्याने झालेला मृत्यू आणि एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांची १९५९ मधील हत्या यांचा संबंध गीताच्या कथित अशुभ आद्याक्षराशी जोडण्यात आला. १९६१ मध्ये सरकारने ‘नमो नमो माता’ हा आरंभ बदलून ‘श्रीलंका माता’ असा केला. समरकोन यांनी या बदलाला तीव्र विरोध केला होता. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

## प्रदेश आणि लोकसमूहांचे उल्लेख

भारताच्या गीतात सात प्रदेशांची नावे, दोन पर्वत आणि दोन नद्या येतात. त्यातील ‘मराठा’ हा शब्द महाराष्ट्राचा वाचक आहे. या यादीत आसाम, काश्मीर किंवा राजस्थान नाही, तर फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेला सिंध आहे. सिंधचे नाव वगळण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली. राष्ट्रगीत ही देशभक्तीची अभिव्यक्ती असून देशाच्या सीमा निश्चित करणारी नोंद नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

अफगाणिस्तानच्या २००४ च्या राज्यघटनेत राष्ट्रगीत पश्तू भाषेत असावे आणि त्यात देशातील लोकसमूहांची नावे असावीत, अशा दोन्ही अटी होत्या. त्यानुसार रचलेल्या गीतात पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक यांच्यासह १४ समूहांची नावे आहेत. सर्वांचा समावेश आणि एकाच भाषेचा आग्रह यांतील विसंगतीकडे दारी भाषकांनी लक्ष वेधले. २०२१ मध्ये तालिबानने सत्ता हस्तगत केल्यानंतर देशात या गीताचा अधिकृत वापर थांबला.

## गायनाचे नियम आणि न्यायालयीन निर्णय

भारताच्या राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनाचा कालावधी सुमारे ५२ सेकंद आहे. पहिली व शेवटची ओळ मिळून होणारा संक्षिप्त पाठ सुमारे २० सेकंदांचा असतो. पाकिस्तानच्या गीताचा कालावधी सुमारे ८० सेकंद आहे.

भारतात राष्ट्रगीताच्या गायनात अडथळा आणणे हा १९७१ च्या राष्ट्रसन्मान अवमान प्रतिबंध कायद्यान्वये गुन्हा आहे. मात्र न गाणे म्हणजे अवमान नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात दिला. धार्मिक श्रद्धेमुळे न गाता आदराने उभ्या राहणाऱ्या तीन मुलांना शाळेतून काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये न्यायालयाने चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजवणे अनिवार्य केले होते. जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक करण्यात आले.