आंदालुसियाच्या पांढऱ्या गावांचा चुना

जेराल्ड ब्रेनन हा इंग्रज तरुण पहिल्या महायुद्धातून सुटला आणि 1920 मध्ये दक्षिण स्पेनच्या आल्पुहार्रा डोंगरात, येगेन नावाच्या खेड्यात घर भाड्याने घेऊन राहिला. त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक 1957 मध्ये आलं. त्यात त्याने येगेनची घरं करड्या खोक्यांसारखी असल्याचं नोंदवलं आहे. उतारावरून एकमेकांना चिकटत खाली आलेली, वर मातीची सपाट धाबी. ती धाबी तिथे अजून आहेत. आपल्या धाब्याच्या घरांवर पांढरी माती दाबून बसवत, तशी तिकडे लाउना नावाची करडी, पाणी न झिरपू देणारी माती पसरतात. उतार आहे, धुराडी आहेत. करडा रंग तेवढा उरलेला नाही. येगेन आज पांढरंधोप आहे.

या एका गावामुळे आंदालुसियाच्या ‘पांढऱ्या गावां’कडे मी जरा संशयाने बघायला लागलो. पर्यटन खात्याच्या पत्रकांत एक वाक्य ठरलेलं असतं, की ही गावं म्हणजे अरबी राजवटीचा वारसा. वाक्य खोटं नाही, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत: डोंगरावरची जागा, अरुंद गल्ल्या आणि पांढरा रंग. तिघींचं वय सारखं नाही.

जागेचं वय सर्वांत सहज सांगता येतं. आर्कोस, वेहेर, मोरोन या गावांच्या नावांपुढे ‘दे ला फ्रोंतेरा’ लागतं, म्हणजे सरहद्दीवरचं. तेराव्या शतकापासून 1492 पर्यंत कास्तीलचं ख्रिस्ती राज्य आणि ग्रानादाची मुस्लिम अमीरशाही यांची हद्द या टापूतून जात होती. सपाटीवर राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं, म्हणून वस्ती कड्यावर आणि वर किल्ला. साहारा दे ला सिएर्रा हे आज फोटोसाठी सर्वांत लाडकं गाव. डिसेंबर 1481 मध्ये ग्रानादाच्या अमीराने ते अचानक छापा घालून घेतलं आणि त्यातून दहा वर्षांचं युद्ध पेटलं. 1483 मध्ये साहारा कास्तीलकडे परत गेलं, 1484 मध्ये सेतेनिल पडलं, 1485 मध्ये रोंदा, आणि 2 जानेवारी 1492 रोजी खुद्द ग्रानादा. गल्ल्यांचा वाकडेपणाही बराचसा त्याच काळातला. सावली आणि बचाव एकाच वळणात साधले गेले.

रंगाचं मात्र तसं नाही. मुसलमानांना आधी सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला, 1568 ते 1571 मध्ये आल्पुहार्रात त्यांचं बंड चिरडलं आणि तिथून त्यांना उचलून देशभर पांगवलं. रिकाम्या घरांत गॅलिसिया, लिऑन अशा उत्तरेकडच्या प्रांतांतले शेतकरी आणून बसवले. ज्याला आपण अखंड परंपरा समजतो, तिच्या मधोमध माणसंच बदलली आहेत. शिवाय मोरोक्कोत अ‍ॅटलासमधली बर्बर गावं आजही मातीच्याच रंगाची आहेत. तेतुआनसारख्या उत्तरेकडच्या शहरांच्या भिंती पांढऱ्या आहेत, त्यामुळे संबंध पार तोडून टाकता येत नाही. चुना दोन्हीकडे होता. पण सगळं गाव एकाच रंगात असावं, ही शिस्त कुठून आली? इकडे सेव्हिलमध्ये जुन्या इमारती दुरुस्त करताना चुन्याखालून गेरूचे, पिवळ्या मातीचे, खोट्या विटा रंगवलेले थर निघाले आहेत. तिथल्या खिराल्दा मनोऱ्यावर सोळाव्या शतकात लुईस दे व्हार्गासने चित्रं काढली होती. तेव्हाची आंदालुसिया बरीच रंगीत होती.

चुना तिथे पायाखालीच आहे. ग्राझालेमा गावाभोवतीचे डोंगर चुनखडकाचे. दगड फोडायचा, विहिरीसारख्या गोल भट्टीत आतून कमान साधत रचायचा आणि खाली लाकूडफाटा, झुडपं, ऑलिव्हची छाटणी घालत दिवसरात्र जाळायचा. सुमारे 900 अंशांना दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हलकी, पांढरी कळी उरते. ती पाण्यात टाकली की पाणी खदखदतं. विरलेला चुना खड्ड्यात मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा. भिंतीवर दिल्यावर तो हवेतून कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि परत दगड होतो. गावाच्या अंगावर गावाचाच डोंगर पातळ करून फासलेला असतो असं म्हटलं, तर त्यात अलंकार थोडा आणि रसायनशास्त्र जास्त.

ओला चुना जहाल असतो, जंतू त्यात टिकत नाहीत. जंतूंचा शोध लागायच्या कितीतरी आधी लोकांना याचा अंदाज होता. प्लेग येऊन गेला की घरं, इस्पितळं, देवळं चुन्याने धुऊन काढत. 1800 च्या उन्हाळ्यात कादिझ बंदरात पीतज्वर उतरला, सेव्हिलपर्यंत पसरला, हजारो माणसं गेली. 1833 नंतर कॉलऱ्याच्या लाटा आल्या. दूषित हवेमुळे रोग होतो असं मानणाऱ्या त्या काळात चुना हा सरकारी उपाय होता. नगरपालिका फर्मान काढत, अमुक दिवसात भिंती पांढऱ्या करा. पीतज्वर डासांमुळे होतो आणि कॉलरा पाण्यातून, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला चुना देऊन कुणी वाचलं असेल याची मला शंकाच आहे. पण फर्मानाची सवय झाली आणि सवयीची अब्रू झाली. पांढरं घर म्हणजे स्वच्छ घर, आणि स्वच्छ घर म्हणजे घरची बाई चोख.

कारण हे काम बायकांचं होतं. भट्टी पुरुषांची, गाढवावर चुना लादून दारोदार विकणाराही पुरुष, पण कुंचा बायकांच्या हातात. ईस्टरच्या आधी किंवा गावच्या जत्रेआधी पामच्या पात्यांचा कुंचा लांब वेळूला बांधायचा, चुन्यात मूठभर मीठ घालायचं, पिवळेपणा मारायला कपड्यांची नीळ, आणि डोक्याला फडकं गुंडाळून सुरुवात. डोळ्यांत थेंब गेला तर आग, हातांची सालं निघत. जुन्या घराच्या दाराची चौकट जवळून पाहिली तर या श्रमाचा हिशेब दिसतो. दगडाची धार कुठेच उरलेली नसते, कोपरे गोलावलेले, कोरलेली वेलबुट्टी बुजून नुसता उंचवटा राहिलेला. एखादा पोपडा निघालाच तर कडेला पापुद्रेच पापुद्रे दिसतात. प्रवासी लोक ज्याला मऊ, शिल्पासारखा आकार म्हणतात, तो कुण्या गवंड्याने घडवलेला नाही.

त्यातही सर्वांत गरिबांना हा पांढरेपणा परवडत होता असं नाही. जानेवारी 1933 मध्ये कादिझ प्रांतातल्या कासास व्हिएहास गावी भूमिहीन मजुरांनी बंड केलं. पोलिसांनी ज्या झोपडीला वेढून आग लावली, ती दगडमातीची, गवताने शाकारलेली होती. वीसहून अधिक माणसं मेली. आसपासच्या जमिनी बड्या मालकांच्या होत्या.

बाहेरच्यांना हा रंग आवडायला वेळ लागला. 1840 मध्ये स्पेन हिंडलेल्या थिओफील गोतिए या फ्रेंच लेखकाची कोर्दोबात तक्रार होती, की चुन्याने जुनं-नवं एकसारखं करून टाकलं आहे. शंभरेक वर्षांनी तीच गोष्ट गुण ठरली. बार्सिलोनाचा होझेप लुईस सर्त आणि त्याच्या आधुनिक वास्तुकारांच्या गटाने 1931 ते 1937 या काळात चालवलेल्या ‘आ. से.’ नावाच्या मासिकात इबिझा बेटावरच्या पांढऱ्या, बिननक्षीच्या शेतघरांना आदर्श म्हणून छापलं. त्यांना घरं कशी असावीत याचा पुरावा हवा होता. खेड्यांनी तो आयता पुरवला.

मग राज्यकर्ते आले. स्पेनचं यादवी युद्ध संपताच 1939 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने वसाहत संस्था काढली आणि ओलिताखाली आणलेल्या जमिनींवर पुढच्या काही दशकांत सुमारे 300 नवी गावं वसवली. सेव्हिलजवळचं एस्किवेल हे आलेहांद्रो दे ला सोता या वास्तुकाराने पन्नाशीच्या दशकात आखलेलं. सपाट शेतात, पंख्याच्या आकारात, आणि पांढरं. युद्ध नाही, साथ नाही, आजीचा कुंचा नाही. कागदावरच पांढरं जन्मलेलं गाव. मला तर या साऱ्या कुळातलं हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण ते जुनं असल्याचा आव आणत नाही.

1962 मध्ये मानुएल फ्रागा पर्यटनमंत्री झाला आणि ‘स्पेन काही वेगळाच’ अशी जाहिरात जगभर गेली. समुद्रकिनारे हॉटेलांनी भरले, डोंगरातली तरुण मंडळी कामासाठी बार्सिलोना आणि जर्मनीकडे निघून गेली. मागे राहिलेल्या गावांना सुशोभनाची बक्षिसं सुरू झाली. वेहेरला 1978 मध्ये राष्ट्रीय बक्षीस मिळालं, फ्रिहिलियानाला 1982 मध्ये. कुंड्या भिंतींवर चढल्या, विजेच्या तारा लपवल्या गेल्या, आणि साथीच्या भीतीने जे फर्मान निघायचं, ते आता बांधकामाच्या नियमावलीत ‘दर्शनी भाग पांढरा’ म्हणून येऊन बसलं.

त्याच काळात खुद्द चुना मागे पडला. डब्यातला प्लास्टिक रंग दरवर्षी लावावा लागत नाही, हात भाजत नाही. पण चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, प्लास्टिकची कोंडून ठेवते. ग्राझालेमा दिसतं उन्हाळी, पण स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी ते एक आहे; तिथे हा फरक भिंतीवर फुगे येऊन कळतो. मोरोनमधल्या काही लोकांनी जुन्या चुनाभट्ट्या सावरून संग्रहालय उभं केलं आणि 2011 मध्ये युनेस्कोने त्यांच्या कामाची परंपरा-जतनाचा उत्तम नमुना म्हणून नोंद घेतली. आता तो चुना मुख्यतः जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी जातो.

2011 मध्येच रोंदाजवळच्या हुस्कार या जेमतेम दोन-अडीचशे वस्तीच्या पांढऱ्या गावाला सोनी कंपनीने ‘स्मर्फ’ या निळ्या बुटक्यांच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी निळा रंग दिला, चर्च आणि कबरींसकट. नंतर पुन्हा पांढरा करून देण्याचं ठरलं होतं. पण तोवर पूर्वी कधी न आलेले पर्यटक यायला लागले होते, म्हणून डिसेंबरात गावकऱ्यांनी मतदान घेतलं आणि निळाच ठेवला. 2017 मध्ये हक्कांच्या वादातून स्मर्फांचं नाव वापरायची परवानगी गेली. गावातले स्मर्फांचे बाहुले हलवावे लागले, रंग राहिला. शुद्ध परंपरेच्या कैवाऱ्यांना हे ओंगळ वाटतं. मला वाटत नाही. वरून हुकूम किंवा पैसा आला की भिंत रंगवायची आणि फायदा दिसला की तोच रंग आपला म्हणायचा, हे या डोंगरात पूर्वीपासून चालत आलेलं आहे. हुस्कारने ते मत मोजून केलं, एवढंच.