कृत्रिम अवयव सेवा, दिव्यांग माजी सैनिकांसाठीची : पर्यवेक्षण

युद्धात, सीमेवरच्या पहाऱ्यात किंवा सरावात हात-पाय गमावलेल्या अथवा मणक्याला मार बसलेल्या सैनिकांना कृत्रिम अवयव, कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर इत्यादी साधने पुरवणे, ती अंगाला नीट बसतात की नाही हे तपासणे, दुरुस्त करणे आणि झिजल्यावर बदलून देणे, या सगळ्या कामावरची देखरेख. महाराष्ट्रात या कामाची मुख्य जागा पुणे. तिथले लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र (एएलसी), खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आणि खडकीचीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या तीन संस्थांभोवती ही नोंद फिरते.

इतिहास : पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांना पोटापाण्याचा धंदा शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीच्या नावाने शाळा निघाली. लेडी विलिंग्डन यांचा त्यात पुढाकार होता. १९२२ मध्ये ती खडकीला हलली. शिवणकाम, यंत्रकाम, वीजकाम असे हाताला काम देणारे शिक्षण हे तिचे उद्दिष्ट. पाय बनवणे तिच्या कक्षेत नव्हते. ती उणीव दुसऱ्या महायुद्धात भरून निघाली. १९४४ मध्ये पुण्याला लष्करी रुग्णालयाच्या आश्रयाने कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे आणि प्रत्यक्ष युद्ध नसतानाही नियंत्रण रेषेवर फुटत राहिलेले भूसुरुंग यांमुळे केंद्राचे काम कधी थांबले नाही. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रम या सैन्य-तैनातीत सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले आणि नंतर ते काढताना अनेकांनी पाय गमावले. आजही सेवेत पाय गेलेल्या जवानासाठी पुणे हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे ठिकाण आहे. शुल्क घेऊन नागरिकांनाही येथे अवयव मिळतात, ही गोष्ट फारशी माहीत नसते.

कार्यशाळा : गुडघ्याखालून पाय कापलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ, कारण सुरुंगाच्या जखमेत तेच अधिक दिसते. जखम भरली, उरलेल्या भागाची (कार्यशाळेत सगळे त्याला ‘स्टंप’च म्हणतात) सूज उतरली, की त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून ठसा घेतात. ठशात प्लास्टर ओतून स्टंपची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. तंत्रज्ञाचे कसब यापुढे लागते. प्रतिकृती जशीच्या तशी वापरली तर पाय चालत नाही. जिथे शरीर भार सोसू शकते, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड पट्ट्यावर, तिथे प्लास्टर थोडे तासतात. जिथे हाड कातडीच्या अगदी खाली आहे, म्हणजे नडगीची कड किंवा बाहेरच्या हाडाचे डोके, तिथे थोडे चढवतात. सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो पेला, याच सुधारलेल्या साच्यावर घडते. वाटीखालच्या पट्ट्यावर भार घेणारी ही रचना १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात आकाराला आली आणि जगभर पसरली.

पाय जोडून झाला की तपासणी. जवान उभा राहतो. पर्यवेक्षक दोन्ही तळहात त्याच्या कमरेच्या हाडांवर आडवे ठेवून कंबर सरळ आहे का पाहतो. एक बाजू खाली असेल तर त्या पायाखाली पातळ लाकडी फळ्या एकेक सरकवत जातो. किती फळ्या लागल्या त्यावरून पाय किती वाढवायचा ते ठरते. सॉकेटच्या तळाशी मऊ मातीची गोळी टाकून पाय घालायला सांगतात. गोळी चपटी झाली तर टोकाला स्पर्श आहे, गोलच राहिली तर आत पोकळी आहे. मग दहा-पंधरा मिनिटे चालवून पाय काढतात आणि कातडी पाहतात. लाली थोड्या वेळात मावळली तर चिंता नाही. तशीच राहिली तर त्या जागी दाब आहे आणि पाय पुन्हा टेबलावर जातो. ही तपासणी घाईने उरकली तर महिन्याभरात जखम होते आणि नवा पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो.

टाचेच्या उंचीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. पावलाचा कोन ठरावीक उंचीच्या टाचेसाठी बसवलेला असतो. लष्करी बूट घालून जुळवलेला पाय माणूस गावी जाऊन सपाट चपलेत वापरू लागला, की टाच खाली येते, गुडघा मागे ढकलला जातो आणि काही महिन्यांत त्याच्या सांध्याला दुखणे लागते. पाय देताना ‘घरी काय घालता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मांडी घालून जेवणे, शेतात अनवाणी चालणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे या गरजा बूट गृहीत धरून केलेल्या पावलाने भागत नाहीत. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे पाऊल बनवले ते याच गरजांपोटी. हे ‘जयपूर फूट’ चांगले की सुटे भाग जोडून केलेला आधुनिक मॉड्युलर पाय चांगला, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. निवड वापरणाऱ्याचे वय, काम आणि घराची रचना यांवर अवलंबून असते, एवढे म्हणणे सुरक्षित.

पर्यवेक्षकाचे काम : पहिला पाय हा तात्पुरताच धरावा लागतो. पहिल्या वर्षात स्टंप सतत आकसतो. सैल झालेले सॉकेट भरून काढायला जवान एकावर एक मोजे चढवतो. मोज्यांचे थर वाढत गेले म्हणजे नव्या सॉकेटची वेळ आली. म्हणून प्रत्येक भेटीत स्टंपचा घेर ठरावीक अंतरांवर मोजून नोंदवायचा, मोज्यांचे थर लिहायचे, दिवसाचे किती तास पाय घातला जातो ते विचारायचे. ही वही नीट ठेवणे पर्यवेक्षकाच्या कामाचा गाभा आहे. पहिला पाय देताना छायाचित्रे निघतात, बातम्या येतात. सेवेचा कस मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या पायाच्या वेळी लागतो, कारण पंचविशीत पाय गेलेल्या माणसाला पुढची चाळीस-पन्नास वर्षे दर काही वर्षांनी नवा पाय लागणार असतो. वय वाढते, वजन वाढते, मधुमेह येतो, कातडी नाजूक होते. तिशीत धावणाऱ्याला दिलेला पाय साठीत त्याच माणसाला सोसत नाही.

तांत्रिक पात्रतेवर कायद्याचे बंधन आहे. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ नुसार कृत्रिम अवयवतज्ज्ञाची नोंदणी परिषदेकडे व्हावी लागते. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत या विषयाचे पदवी शिक्षण मिळते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यात कृत्रिम अवयव व संवेदन-साधने असा स्वतंत्र विभागच आहे. मागणी, खरेदी, पुरवठा आणि पाठपुरावा एकाच छत्राखाली पाहणारे अधिकारी तिथे नेमलेले असतात. भारतात हीच कामे लष्करी रुग्णालय, माजी सैनिकांची आरोग्य योजना आणि राज्याचे सैनिक कल्याण खाते यांच्यात विभागलेली आहेत. तीन खिडक्यांमधला दुवा बहुतेक वेळा तो माजी सैनिक किंवा त्याची पत्नीच असते, आणि ही व्यवस्थेतली खरी दुखरी जागा आहे.

काही व्यक्ती : मुंबईत जन्मलेले मेजर इयान कार्डोझो यांचा पाय १९७१ च्या युद्धात सिल्हेट भागात सुरुंगाने छिन्नविच्छिन्न झाला. तो त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला. पुढे शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी लष्करी डॉक्टरने. कृत्रिम पायावर त्यांनी पायदळाच्या बटालियनचे आणि नंतर ब्रिगेडचे नेतृत्व केले, आणि निवृत्तीनंतर भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले. १९६७ मध्ये सुरुंगात दोन्ही पाय गमावलेले पंकज जोशी लेफ्टनंट जनरल झाले आणि २००१ मध्ये एकात्मिक संरक्षण स्टाफचे पहिले प्रमुख बनले. कारगिल युद्धात उखळी तोफेच्या गोळ्याने पाय गेलेले मेजर डी. पी. सिंग पुढे कार्बनच्या पात्यावर लांब पल्ल्याच्या शर्यती धावले. नागालँडचे होकातो होटोझे सेमा यांचा पाय २००२ मध्ये काश्मीरात सुरुंगाने गेला. पुण्यात लष्कराच्या केंद्रात सराव करून त्यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचे कांस्यपदक मिळवले.

या नावांनी समाजाची नजर बदलली, हे त्यांचे मोठे काम. पण अधिकारी आणि पदकविजेते यांचीच नोंद राहते. गावी जाऊन किराणा दुकान चालवणाऱ्या शिपायाचा पाय दहा वर्षांनी कोणत्या अवस्थेत होता, हे लिहिलेले क्वचित सापडते.

मणक्याची दुखापत : सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई या यंत्र-दुरुस्ती दलात कारागीर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीत, उपचार म्हणून पोहणे सुरू झाले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा जखमींसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. अनेक निवासी तिथे वर्षानुवर्षे राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काही तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

येथे देखरेखीचा विषय पायाऐवजी बैठकीचा असतो. संवेदना नसलेल्या शरीराला दाब कळत नाही, त्यामुळे काही तास एकाच अंगावर बसले की कातडीखाली व्रण सुरू होतो. व्हीलचेअरच्या हातांवर भार देऊन थोड्या थोड्या वेळाने शरीर उचलणे, रोज आरशात पाठ आणि बैठक पाहणे, उशीची हवा तपासणे ही सवय लावावी लागते. आसनाची रुंदी दोन बोटांनी चुकली तरी माणूस एका बाजूला कलतो आणि पाठीचा कणा वाकू लागतो. महागडी आयात खुर्ची देऊन ही मापे चुकवण्यापेक्षा साधी खुर्ची मापात बसवून देणे कितीतरी श्रेयस्कर.

हाताचे अवयव : खांद्यावरच्या पट्ट्याने व तारेने उघडझाप होणारा हुक आणि स्नायूंच्या विद्युत्संकेतांवर चालणारा मायोइलेक्ट्रिक हात हे दोन मुख्य प्रकार. वापर सोडून देणाऱ्यांचे प्रमाण पायापेक्षा हातात अधिक.

दृष्टी व श्रवण : पांढरी काठी, श्रवणयंत्रे इत्यादींचा पुरवठा प्रामुख्याने संबंधित विशेषज्ञ विभागांकडून होतो.

खर्च व कागदपत्रे : सेवेमुळे अवयव गमावलेल्यांना लष्करी केंद्रातून साधने विनामूल्य मिळतात. निवृत्तांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड ध्वजदिन निधीतून (ध्वजदिन ७ डिसेंबर) पुनर्वसन संस्थांना अनुदान आणि गरजूंना दुचाकीसारख्या साधनांसाठी साहाय्य देते. दिव्यांगत्वाची टक्केवारी लष्करी वैद्यकीय मंडळ पेन्शनसाठी ठरवते, तर दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ खालील ओळखपत्रासाठी नागरी रुग्णालयाचा स्वतंत्र दाखला लागतो. दोन्ही आकडे जुळतीलच असे नाही. कोणती इजा सेवेमुळे झाली असे धरायचे, यावरचे वाद न्यायालयांत चालत आले आहेत. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्याच्या योजना माजी सैनिकांनाही नागरिक म्हणून खुल्या आहेत.

काशीगाव व मीरा-भाईंदर : पुण्यापासून दूरच्या माजी सैनिकाला ही सेवा कशी गाठावी लागते, याचे उदाहरण म्हणजे काशीगाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, काशीमिरा परिसरातले हे जुने गाव ठाणे जिल्ह्यात मोडते. त्यामुळे येथील माजी सैनिकाचे कागदोपत्री काम ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी, मोठा उपचार कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीशी आणि पायाचे काम पुण्याशी जोडलेले असते. पुण्याला जायला लोकलने निघाले तर दादरला पश्चिम मार्गावरून मध्य मार्गावर जायला पूल चढावा लागतो. गुडघ्यावरून पाय कापलेल्या माणसाला जिने उतरणे चढण्याहून जड जाते, कारण उतरताना कृत्रिम गुडघ्यावर भरवसा ठेवावा लागतो. दिव्यांगांचा राखीव डबा नेमका कुठे थांबतो हे माहीत असणे म्हणूनच मोलाचे. दहिसर-भाईंदर मेट्रो मार्ग ९ वर काशीगाव नावाचे स्थानक आहे, आणि उन्नत मार्गावर चढण्यासाठी लिफ्ट असणे हा जिना टाळणाऱ्यांसाठी मोठाच दिलासा.

खाडीकाठच्या दमट हवेचा परिणामही वेगळा लक्षात घ्यावा लागतो. स्टंपवर चढवायचा सिलिकॉनचा लायनर (सॉकेटच्या आतले मऊ आवरण) घामाने निसटतो, बुरशी धरते, कातडीला पुरळ येते. तो रोज उलटा करून सौम्य साबणाने धुऊन, पुन्हा सुलटा करून सावलीत वाळवायचा आणि शक्य तर दोन लायनर आलटून-पालटून वापरायचे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते तेव्हा साध्या पावलातून पाणी वर चढते, लोखंडी जोडाला गंज लागतो आणि स्क्रू सैल होतो. पाय भिजला तर पाऊल काढून पुसणे, जोड कोरडा करणे आणि चालताना टकटक आवाज आला की पुण्याच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता तो उघडून घेणे, ही तीन कामे पहिला पाय देतानाच घरच्या माणसांसमोर करून दाखवावीत.