नीळकंठशास्त्री गोरे : सत्यनिष्ठेची साधना

परमेश्वराच्या सान्निध्याकडे जाणारी वाट सत्यनिष्ठेतून जाते, असे आपण उपदेशपीठावरून वारंवार सांगतो. अंतःकरणाला जेवढे पटले तेवढेच मुखाने कबूल करावे आणि जेवढे कबूल केले तेवढे आचरावे, हा या सत्यनिष्ठेचा कठीण अर्थ होय. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती विचारवंतांपैकी नीळकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब काशीस राहिले आणि तेथील पंडितांच्या परंपरेत नीळकंठशास्त्री वाढले. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू शास्त्रांवर आक्षेप घेतले होते. त्यांचे खंडन करण्यासाठी या तरुण पंडिताने १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ संस्कृतातच रचला. मिशनरींकडे ते प्रथम गेले ते वाद घालण्यासाठीच. परंतु प्रतिपक्षाला लावलेली कसोटी स्वतःच्या मतालाही लावली पाहिजे, हा न्याय त्यांनी सोडला नाही. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यांनी नेहेम्या हे नाव धारण केले.

येथे चरित्र संपावे अशी आपली अपेक्षा असते. साक्षीच्या सभांत बाप्तिस्मा हा बहुधा शंकांचा शेवट म्हणून सांगितला जातो. गोरे यांच्या बाबतीत तसे घडले नाही. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. शंका आली की ते अध्ययनाकडे वळत, प्रार्थनेकडे वळत आणि वडीलधाऱ्यांपुढे मन मोकळे करीत. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी प्रत्येक दर्शनाचे सिद्धांत आधी मांडले व मग त्यांचे परीक्षण केले. त्यांचे सर्वच निष्कर्ष आज आपणांस मान्य होतील असे नाही. तथापि पूर्वपक्ष यथार्थ मांडण्याची ही शिस्त आजच्या धर्मसंवादातही अनुकरणीय आहे.

याच वृत्तीमुळे पदांविषयी त्यांना घाई नव्हती. बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, ते डीकन झाले व १८७० मध्ये त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते इंग्लंडातील कौली येथील संत योहानाच्या संन्यासी संघात नवदीक्षित म्हणून दाखल झाले. संघाचे विरक्त जीवन त्यांनी मनःपूर्वक आचरले. परंतु आजन्म बांधणारे व्रत निःशंक मनाने घेता येईल असे त्यांना वाटेना, म्हणून ते त्यांनी घेतले नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हाही ते नवदीक्षितच होते.

हा मनाचा दुबळेपणा होता काय? काही अंशी तो अतिसंकोच असेलही. अशा संकोचाने माणूस क्लेश पावतो, आणि त्याला आदर्श मानून कोणी निर्णयच टाळू लागला तर ते घातक ठरेल. परंतु गोरे यांनी आज्ञापालन टाळले नाही. जेवढा प्रकाश मिळाला तेवढ्यात ते चालत राहिले. देवासमोर उच्चारलेल्या शब्दाचे भय त्यांना होते, आणि ते भय भक्तीचेच एक अंग आहे.

त्यांच्या साक्षीला वजन आले तेही यामुळेच. पंडिता रमाबाईंसारख्या चिकित्सक विदुषीला केवळ अधिकारवाणीने पटविणे शक्य नव्हते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाला गोरे यांच्या लेखनाचे मोठे साहाय्य झाले, हे त्यांनी पुढे कृतज्ञतेने सांगितले. ज्याने शंका स्वतः सोसल्या होत्या, त्याचेच उत्तर शंकाकुलाला ऐकावेसे वाटले.

आचार्य व धर्मशिक्षक यांना सत्यनिष्ठेचा धोका बहुधा येथेच असतो. विश्वासाचे शब्द दररोज उच्चारता उच्चारता ते अनुभवाच्या पुढे निघून जातात आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही. मग एखादा तरुण प्रश्न घेऊन आला की आपण त्याला उत्तर देण्याऐवजी गप्प करतो. नथनिएलाने नासरेथाविषयीची शंका उघडपणे बोलून दाखविली होती. तरीही प्रभूने त्याच्या निष्कपटपणाचीच वाखाणणी केली आणि त्याला अधिक मोठ्या दर्शनाचे अभिवचन दिले. आपली शंका प्रार्थनेत जशीच्या तशी प्रभूपुढे ठेवणे, आणि दुसऱ्याची शंका धीराने ऐकून घेणे, एवढे जरी साधले तरी आपण त्याच्या एक पाऊल जवळ जाऊ.