इंग्रजीच्या भांडणाचा निवाडा कुणी करायचा?

मागच्या व्याख्यानानंतर बाहेर पायऱ्यांवर दोन शिक्षकांची चांगलीच जुंपली होती. पालकसभेच्या नोटिशीत एकांनी ‘डिस्कस अबाउट फी’ लिहिलं होतं आणि दुसरे म्हणत होते, ‘अबाउट’ काढा. तीच सभा अलीकडे घ्यायची म्हणून ‘प्रीपोन’ असाही शब्द होता, त्यावरही वाद. शेवटी दोघे माझ्याकडे आले. मी इतिहासाचा माणूस. म्हटलं, निवाडा देतो, पण आधी असा निवाडा देण्याचा अधिकार आपल्या भागात कुणाकडे होता ते बघू.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची मॅट्रिक सुरू झाली आणि इंग्रजी व्याकरण हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. कारकुनी, वकिली, मामलेदार कचेरी, सगळ्यांची वाट त्या परीक्षेतून. मग चूक-बरोबर कोण सांगणार? हेडमास्तर, नाहीतर एखादा साहेब. म्हणजे माणूस. आणि माणसापर्यंत पोहोचण्याची मुभा सगळ्यांना सारखी नव्हती.

आता इथलंच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. शाळेत त्याला बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि पाणी शिपायानं वाढलं तरच. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलेलं आहे. अशा मुलाने मनातली शंका घेऊन कुणाकडे जायचं, विचार करा.

त्याचं उत्तर घरात होतं. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. कुठल्या मराठी शब्दाला कुठला इंग्रजी शब्द नेमका बसतो, तो वाक्यात कुठे येतो, यावर त्यांचा भर. तर्खडकरांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल, निदान माळ्यावर तरी. नियम मराठीत सांगितलेला आणि भाषांतराला वाक्यं पुढ्यात. कर्ता, कर्म, क्रियापद कळलं की आपली चूक आपल्याला तपासता येते, कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. माझ्या मते या पुस्तकाचं खरं मोल इथे आहे. निवाड्याचा अधिकार माणसाकडून पुस्तकाकडे गेला, आणि पुस्तक विटाळ मानत नाही.

पण पुस्तकातला नियम आला कुठून? लिंडले मरेचं इंग्रजी व्याकरण १७९५ चं. त्याचा नमुना दादोबा पांडुरंगांच्या पुढे होता, आणि १८३६ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं. पुढे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर, त्यांनी १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा’ लिहून इंग्रजी पद्धतीचं वाक्यपृथक्करण मराठीला लावलं. म्हणजे आपण मराठीकडेही थोडं इंग्रजी चष्म्यातून बघायला लागलो होतो.

आणि इंग्रजांचा चष्मा लॅटिनचा! ‘इट इज मी’ चूक, ‘इट इज आय’ बरोबर, असं शाळेत शिकवत. हा लॅटिनवरून घेतलेला नियम. आपल्या पोराला तो लगेच पटायचा, कारण दार ठोठावल्यावर ‘कोण आहे?’ म्हटलं की आपण ‘मी आहे’ म्हणतो, ‘मला आहे’ म्हणत नाही. गंमत अशी की खुद्द साहेब बोलताना सर्रास ‘इट्स मी’च म्हणायचा. ‘शॅल’ आणि ‘विल’चं तसंच. त्यावरून किती मार्क गेले असतील! इकडे पहिल्या पुरुषाला ‘शॅल’ हे पाठ चाललेलं, आणि स्कॉटिश, आयरिश, अमेरिकन लोक तो भेद कधी धड पाळत नव्हते.

सांगलीत १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढलं. (त्याच साली कऱ्हाडजवळ काले इथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, हेही ध्यानात ठेवा.) विलिंग्डनच्या वर्गात मराठी आणि कानडी दोन्ही पोरं. दोघांच्या चुका वेगळ्या, कारण दोघांच्या मातृभाषेचे साचे वेगळे. ऑक्सफर्डहून परतलेले वि. कृ. गोकाक १९३८ मध्ये तिथे प्राचार्य झाले. स्वतः कन्नड कवी. हेच गोकाक पुढे हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक होते. तोवर प्रश्नच बदलला होता. नियम काय म्हणतो, एवढ्यावर भागत नव्हतं. लोक प्रत्यक्षात काय बोलतात आणि त्यातलं आपण काय शिकवायचं, हे ठरवायचं होतं. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काही काळ इंग्रजी आठवीपासून सुरू होई, २००० पासून ते पहिलीत आलं. खेड्यातल्या मुलाला मात्र त्या सगळ्या काळात गाइड आणि तर्खडकर हाच आधार.

तर त्या दोन शिक्षकांचा निवाडा. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद, त्याला थेट कर्म लागतं. आपण ‘फीविषयी चर्चा’ म्हणतो, म्हणून ‘अबाउट’ आपोआप येतो. ‘डिस्कशन’ या नामापुढे तो चालतो, क्रियापदापुढे नाही. तेव्हा नोटिशीतून काढा. ‘प्रीपोन’ मात्र राहू द्या, तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.

आणि जाता जाता कुणीतरी ‘कझिन ब्रदर’चं विचारलं होतं. इंग्रजीत नुसतं ‘कझिन’ पुरतं. आपलं त्याने समाधान होत नाही, हे मला कळतं. आपल्या भागात मामेबहिणीशी लग्न जमतं, चुलतबहीण म्हणजे सख्खीसारखी. पण ‘ब्रदर’ जोडून मुलगा की मुलगी एवढंच कळलं. चुलत की मामे, ते इंग्रजीत वेगळं सांगावंच लागेल.