एका ओळीचा रकाना

नाव, पिनकोड, पासवर्ड किंवा शोधायचा शब्द भरण्यासाठी पडद्यावर एक छोटी आडवी चौकट असते. ग्राफिकल प्रोग्राम लिहायला शिकणारा माणूस बटणाच्या पाठोपाठ बहुधा तीच मांडतो. असे तयार भाग पुरवणाऱ्या संचांना टूलकिट म्हणतात. त्यांतल्या क्यूटीमध्ये या चौकटीला लाइनएडिट म्हणतात, जीटीके आणि टीकेमध्ये एंट्री, विंडोजमध्ये एडिट कंट्रोल, जावात टेक्स्टफील्ड. अनेक ओळींच्या मोठ्या चौकटीची ही धाकटी बहीण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती पटत नाही. मोठी चौकट टंकलेखनाच्या कागदावरून आली, तर छोटीचे कूळ प्रश्नोत्तरांचे आहे. मशीन विचारते, माणूस सांगतो, आणि ‘माझे सांगून झाले’ असे कळवण्यासाठी एक कळ दाबतो. ही कळ कोणती आणि ती दाबल्यावर काय व्हावे, याभोवतीच या रकान्याचा सगळा इतिहास फिरतो.

पडदे यायच्या आधी टेलिप्रिंटर होते. १९६३ सालचे टेलिटाइप मॉडेल ३३ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यावर टाइप केलेले अक्षर कागदावर उमटले की उमटले, ते पुसायची सोयच नव्हती. मग चूक दुरुस्त कशी करायची? सुरुवातीच्या युनिक्सने त्यावर साधा तोडगा काढला. # दाबले की आधीचे एक अक्षर रद्द आणि @ दाबले की सगळी ओळच रद्द. कागदावर चूक, तिच्यापुढचे # आणि मग बरोबर अक्षर, असे सगळे तसेच राहायचे. प्रोग्रामला मात्र यातले काहीच कळत नसे. रिटर्न दाबेपर्यंत ओळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात राही आणि नंतर दुरुस्त होऊन प्रोग्रामकडे जाई. आजही टर्मिनलवर साध्या प्रोग्रामांसाठी हाच क्रम चालतो. माणसाच्या खाडाखोडीशी प्रोग्रामचा संबंध नाही, त्याला फक्त पुरे झालेले उत्तर मिळते. इतकी शहाणी कल्पना कागदाच्या अडचणीतून निघाली याचे मला फार कौतुक वाटते.

या कुळाची दुसरी शाखा आयबीएमची. १९७१ मध्ये आलेल्या ३२७० जातीच्या टर्मिनलांवर पडदा म्हणजे छापील अर्जच असे. त्यांतल्या प्रचलित पडद्यावर २४ ओळी आणि ८० स्तंभ, म्हणजे १९२० अक्षरांची जागा होती. प्रत्येक रकान्याच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असे आणि ती पडद्यावरची एक जागा अडवत असे. इथे लिहिता येईल की नाही, फक्त अंक चालतील का, लिहिलेले दिसावे की लपवावे, हे सगळे त्या एका खुणेत साठवलेले असे. पासवर्डचा लपवलेला रकाना, अंकांपुरता रकाना, हात न लावण्याचा रकाना या आजच्या टूलकिटमधल्या सोयी तिथे पन्नास वर्षांपूर्वी होत्या. बंद रकान्यात टाइप केले तर कीबोर्ड अडायचा आणि रिसेट दाबल्याशिवाय सुटायचा नाही. कोणता रकाना बदलला याचीही खूण राही, त्यामुळे मोठ्या संगणकाकडे तेवढेच बदललेले रकाने पाठवता येत.

या कीबोर्डवर दोन वेगवेगळ्या कळा होत्या. एकीने कर्सर पुढच्या ओळीतल्या पहिल्या रकान्यावर जाई. दुसरी, म्हणजे एंटर, भरलेला अर्ज पाठवून देई. ‘पुढची ओळ’ आणि ‘झाले, घ्या’ हे दोन हेतू तिथे वेगळे ठेवलेले होते. पहिल्या मॅकिन्टॉशच्या कीबोर्डवरही रिटर्न आणि एंटर वेगळे होते. पुढे बहुतेक कीबोर्डांवर मुख्य कळ एकच उरली आणि तिचा अर्थ लावायची जबाबदारी टूलकिटवर आली. अनेक ओळींच्या चौकटीत तीच कळ ओळ मोडते आणि एकओळी रकान्यात उत्तर पाठवते. एक ओळ एवढी मर्यादा घातल्यामुळेच ती कळ मोकळी झाली. या रकान्याच्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

रकान्यात माउसने क्लिक करून हवे तिथे लिहिणे मात्र तिसऱ्या घराण्याकडून आले. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास ब्राव्हो नावाचा मजकूर-संपादक प्रोग्राम तयार झाला. तो मोडवर चालायचा, म्हणजे एकच कळ कधी अक्षर असे तर कधी आज्ञा. आज्ञेच्या मोडमध्ये कोणी चुकून इंग्रजी ‘एडिट’ हा शब्द टाइप केला तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लिहिण्याचा मोड सुरू होई आणि ‘टी’ हे एकच अक्षर उरे. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी गिन या पुस्तक प्रकाशन कंपनीसाठी जिप्सी हा संपादक केला आणि त्यात हे मोड काढून टाकले. टाइप केले की अक्षर उमटते, निवडलेल्या मजकुरावर टाइप केले की त्याची जागा नवा मजकूर घेतो. आज प्रत्येक रकाना असाच वागतो. टेस्लर पुढेही मोडांविरुद्ध लढत राहिला, त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असेच होते.

१९८४ मध्ये मॅकिन्टॉश आला तो बाणांच्या कळांशिवाय. कर्सर माउसनेच ठेवायचा, असा अॅपलचा आग्रह होता. मजकूर सांभाळणारा टेक्स्टएडिट हा भाग रॉममध्ये होता. मेमरी जेमतेम १२८ के, त्यामुळे एका संवादचौकटीत दहा रकाने असले तरी संपादनाची यंत्रणा एकच असे आणि ज्या रकान्यात कर्सर, तिथे ती कामाला लागे. पुढे नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिमने ही युक्ती नीट मांडली. तिथे प्रत्येक खिडकीला एकच ‘फील्ड एडिटर’ असतो, एकच कारकून सगळ्या टेबलांवर जाऊन लिहून यावा तसा. आजच्या मॅकमध्येही हीच व्यवस्था आहे. म्हणून नवा प्रोग्रामर ‘आत्ता कळा कोणाकडे जात आहेत?’ असे विचारतो तेव्हा उत्तरात त्याला आपला रकाना मिळत नाही, तो कारकून मिळतो, आणि एक संध्याकाळ त्यात जाते.

इतर टूलकिटांना आपापला निर्णय घ्यावा लागला. विंडोजने दोन्ही चौकटींसाठी एकच कंट्रोल ठेवला. तो मुळात एकओळी असतो, अनेक ओळी हव्या असतील तर तसे सांगावे लागते. मोटिफ, जॉन ऑस्टरहाउट यांचे टीके, क्यूटी आणि जीटीके यांनी एकओळी रकाना वेगळा विजेट, म्हणजे पडद्यावरचा स्वतंत्र घटक, म्हणून लिहिला. मला हा दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात या रकान्याचे काम वेगळे आहे हे मान्य केलेले असते. क्यूटी आणि जीटीकेच्या रकान्यांतून एंटर दाबल्याची स्वतंत्र सूचना येते. टीकेमध्ये ती कळ प्रोग्रामरने स्वतः बांधायची असते. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० नेही लिहून ठेवले की फॉर्ममध्ये असा एकच रकाना असेल तर एंटर म्हणजे फॉर्म पाठवण्याची विनंती समजावी. शोधाच्या चौकटीत शब्द लिहून आपण बटण न शोधता एंटर मारतो, ते याच बळावर.

एका ओळीचे बंधन खरे कसाला लागते ते पेस्ट करताना. तीन ओळींचा पत्ता कॉपी करून एकओळी रकान्यात टाकला तर विंडोजचा कंट्रोल पहिली ओळ घेतो आणि बाकीचे सोडून देतो. जावाचे स्विंग हे टूलकिट ओळी मोडण्याच्या जागी स्पेस घालते. एचटीएमएलचा नियम रकान्याच्या मजकुरातून ओळमोडी नुसती काढून टाकायला सांगतो, आणि तसे केले की शब्द एकमेकांना चिकटू शकतात. माझ्या मते स्विंगचे वागणे सर्वांत सभ्य आहे. माणसाने दिलेला मजकूर न सांगता टाकून देणे मला मान्य नाही.

आणि मग आपली देवनागरी. ज्या मशीनवर ही चौकट घडली तिथे एक अक्षर म्हणजे एक घर होते. रोमन फाँटाच्या मापाने चौकटीची उंची ठरवली की रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालून. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी शेवटची मात्रा तेवढी काढतो, तर डिलीट पुढचे अख्खे जोडाक्षरही उडवू शकतो. यातले बॅकस्पेसचे वागणे आपल्या सोयीचे आहे, कारण वेलांटी चुकली म्हणून अक्षर पुन्हा लिहावे लागत नाही.

लांबीची मर्यादा मात्र मराठी माणसाला सरळ नडते. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे वाचणाऱ्याला चार अक्षरे: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये पायमोडाची खूण आणि काना-मात्रा वेगळे धरून ती दहा चिन्हे होतात आणि एचटीएमएलची कमाल लांबी दहाच मोजते. रोमन नावांवरून बेतलेल्या वीस घरांच्या रकान्यात नाव आणि वडिलांचे नाव बसते, आडनाव बाहेर राहते. अक्षरसमूह मोजायचा युनिकोडचा नियमही फार दिवस पुरेसा नव्हता. त्यात पायमोडापाशी समूह तुटायचा, म्हणून ‘ज्ञानेश्वर’चे सहा तुकडे होत. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर एकसंध धरणारा नियम आला आणि सहाचे चार झाले. तो नियम वापरणारी लायब्ररी घेऊन मोजणी केली तर एकओळी रकाना मराठी नाव बरोबर मोजतो. जुनी लायब्ररी अजून सहाच सांगते, आणि रकान्याची नुसती लांबी विचारली तर दहा.